प्रश्न तुमचे: धड्यासाठी ॲनिमेशन शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

या वेळी ई-साहित्याबद्दल बरीच पत्रं आली, त्यातली चार घेतलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण बाकीच्यांचं घोडंही थोडंफार तिथंच अडलंय म्हणून ते कापलं नाही.

प्रश्न : मी झेडपी शाळेत सहावी-सातवीला शिकवते. मागच्या उन्हाळ्यात शहरातल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये ॲनिमेशनचा तीन महिन्यांचा कोर्स केला, फी बरीच होती. टाइमलाइन, कीफ्रेम, ट्वीन, माणूस चालवणं, थ्रीडी लोगो फिरवणं, सगळं झालं, सर्टिफिकेटही मिळालं. पण शाळेत येऊन ‘चंद्राच्या कला’ हा एकच विषय करायला घेतला तर तीन रविवार गेले आणि हातात आला दोन मिनिटांचा व्हिडिओ. पोरांनी एकदा बघितला, दुसऱ्यांदा लावला तर गप्पा मारायला लागली. मला त्यांनी स्वतः हात लावून करायचं असं काहीतरी हवंय. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅमचा, वर्गात लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही आहे आणि नेट असून नसल्यासारखं. आता ब्लेंडर शिकू का?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमचे तीन रविवार वाया गेले असं अजिबात समजू नका. कीफ्रेमची कल्पना सगळीकडं एकच असते, सुरुवातीची पोझ द्यायची, शेवटची द्यायची, मधलं सॉफ्टवेअर भरून काढतं, ती एकदा डोक्यात बसली की कुठंही उपयोगी पडते. पण कोर्समध्ये जे शिकवलं ते जाहिरातवाल्यांचं आणि सिनेमावाल्यांचं काम आहे. टाइमलाइनवर वेळ तुमच्या ताब्यात असतो, तुम्ही ठरवलं की आठव्या सेकंदाला अष्टमी येणार की ती येणारच, समोरचं पोरगं खिडकीबाहेर बघत असलं तरी येणार. तुम्हाला वेळ पोराच्या बोटाखाली द्यायचीय, त्याला वाटलं तर ते अष्टमीवर दहा मिनिटं थांबेल, मागं जाईल, परत पुढं येईल. हे काम वेगळं आहे आणि त्याची हत्यारंही वेगळी आहेत.

म्हणून सॉफ्टवेअर उघडायच्या आधी वहीत एक वाक्य लिहा: मूल अमुक हलवेल आणि त्यामुळं तमुक बदलेल. या दोन जागा भरता आल्या तर पुढं जायचं. नाही भरता आल्या तर त्या घटकाला ॲनिमेशनची गरजच नाही, एखादं चांगलं चित्र किंवा खरी वस्तू पुरेल. मी हे इतकं ठासून सांगतेय कारण शिक्षण परिषदेत दाखवायला म्हणून केलेलं कितीतरी साहित्य मी बघितलंय, ढग सरकतायत, फुलपाखरू उडतंय, अक्षरं गरागरा फिरतायत, आणि मुलानं करायचं काय तर ‘पुढे’ हे बटण दाबायचं.

तुमच्या पाठाचं वाक्य सोपं आहे. मूल तिथी हलवेल आणि त्यामुळं चंद्राची जागा आणि दिसणारा आकार बदलेल.

यासाठी ब्लेंडर नको, निदान आत्ता नको. ते फुकट आहे, ताकदीचं आहे, पण ते चित्र आणि फिल्म बनवायला आहे. त्यात पूर्वी गेम बनवायची सोय होती, ती २०१९ मध्ये २.८० या आवृत्तीत काढून टाकली, आणि तुमच्या ४ जीबीवर ते रडतखडतच चालणार. तुम्ही स्क्रॅच घ्या, ठोकळे जोडून कोडिंग करायचं सॉफ्टवेअर. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबनं २००७ मध्ये मुलांसाठी काढलं, म्हणून आपल्याकडं बरेच शिक्षक त्याला पोरांचं खेळणं समजतात, पण धड्यासाठी जे लागतं ते सगळं त्यात आहे: चित्र हलवता येतं, बोट लागलं की काय करायचं ते सांगता येतं, आकडा मोजता येतो, आवाज टाकता येतो. ॲप एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही.

आता चंद्र कसा करायचा ते नीट सांगते, कारण आपलं पंचांग इथं मदतीला येतं. तिथी म्हणजे काय, तर चंद्र सूर्याच्या पुढं १२ अंश सरकला की एक तिथी झाली. अशा ३० तिथ्या, ३० गुणिले १२ बरोबर ३६०, पूर्ण फेरी. म्हणजे स्क्रॅचमध्ये ‘तिथी’ नावाचं व्हेरिएबल (बदलता आकडा) करायचं, स्टेजवर दिसणाऱ्या त्याच्या डब्यावर राइट क्लिक करून स्लायडर निवडायचा, रेंज ० ते २९. शून्य म्हणजे अमावस्या, १५ पौर्णिमा, त्याच्या पुढं कृष्ण पक्ष. पृथ्वी मधोमध ठेवा, सूर्य उजव्या कडेला. चंद्राच्या स्प्राइटला (म्हणजे हलणाऱ्या चित्राला) फॉरेव्हर या सतत चालणाऱ्या ठोकळ्याच्या आत एकच काम द्या, एक्सची जागा १२० गुणिले कॉस (तिथी गुणिले १२), वायची जागा १२० गुणिले साइन (तिथी गुणिले १२). स्क्रॅचचे साइन-कॉस अंशांतच चालतात, रेडियनची भानगड नाही. चंद्र काढताना उजवी अर्धी बाजू उजळ आणि डावी काळी काढायची आणि ती कधीच फिरवायची नाही, कारण सूर्याकडची बाजू कायम उजळच असते, आणि मुलांना दिसायला हवंय ते हेच. डाव्या वरच्या कोपऱ्यात दुसरा मोठा चंद्र, आपल्याला गच्चीवरून दिसतो तसा, त्याचे ३० कॉस्च्यूम, म्हणजे एकाच स्प्राइटची बदलती चित्रं. ३० काढायचा कंटाळा आला तर आठ करा, चालतं. फक्त कोर काढताना इंग्रजी चित्रांसारखी ताठ उभी काढू नका, आपल्या आकाशात संध्याकाळची चंद्रकोर बरेचदा कललेली, होडीसारखी दिसते आणि पोरांनी ती तशीच पाहिलेली असते.

इथवर एका रविवारात होतं. पण मला वाटतं तुम्ही एक पाऊल पुढं जावं आणि दुसरा स्लायडर द्यावा, ‘वाजले’ नावाचा, ० ते २४. पृथ्वीवर एक छोटा माणूस उभा करा आणि त्याची दिशा ठेवा २७० वजा (वाजले गुणिले १५). माणूस काढताना डोकं उजवीकडं येईल असा आडवा काढा, म्हणजे दुपारी बाराला त्याचं डोकं सूर्याकडं असतं, सहा वाजता वर कडेला येतो, त्याचा सूर्यास्त. त्याच्याबरोबर फिरणारी, त्याला आडवी अशी क्षितिजाची लांब रेघ काढा, नेमकी कुठून ते पुढं सांगते. मग मुलांना सांगा, तिथी १९ वर आणा, म्हणजे कृष्ण चतुर्थी, संकष्टी, आणि आता घड्याळ हळूहळू पुढं सरकवा, चंद्र क्षितिजावर कधी येतो ते बघा. नवाच्या पुढं थोडंसं! घरात आजी उपास सोडायला चंद्रोदयाची वाट बघत बसते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात दर संकष्टीला नवाच्या मागंपुढं कुठलीतरी वेळ छापलेली असते, ती कुठून येते ते पोराला स्वतःच्या बोटानं सापडतं. पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळताना उगवतो, पुढं रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर, चौथ्या दिवशी तीन तासांच्या आसपास. मी हे सातवीच्या एका वर्गात केलं तेव्हा एक मुलगी स्लायडर सोडेचना, मग तिनं आपणहून विचारलं, “मॅडम, मग गणेश चतुर्थीला चंद्र बघायचा नाही म्हणतात तो कधी असतो?” तिथी ४ वर आणली आणि तिलाच कळलं की तो दिवसाच उगवलेला असतो आणि अंधार पडताना पश्चिमेला दिसतो. व्हिडिओ बघून हा प्रश्न आला नसता असं मला अगदी मनापासून वाटतं.

दोन ठिकाणी अडकायला होतं ते आधीच सांगून ठेवते. माणूस आणि पृथ्वी एकाच स्प्राइटमध्ये काढू नका, नाहीतर माणूस फिरवला की पृथ्वीची रात्रही फिरते आणि सूर्य उजवीकडं, उजेड डावीकडं असं होऊन बसतं. माणूस वेगळा काढा आणि पेंट एडिटरमध्ये तो असा सरकवा की मधली बारीक फुली पृथ्वीच्या केंद्रावर येईल. दुसरं म्हणजे क्षितिजाची रेघ पायाशी न काढता पृथ्वीच्या केंद्रातून जाऊ द्या, किंवा पृथ्वी अगदी छोटी ठेवा. कारण आपल्या चित्रात चंद्र पृथ्वीला खेटून आहे, खरा चंद्र पृथ्वीच्या तीस व्यासांइतका लांब आहे, त्यामुळं रेघ पायाशी काढली की चंद्रोदय पाऊण तास उशिरा येतो आणि हुशार पोरगं बरोबर पकडतं.

हे अंतराचं मुलांनाही सांगाच, पण स्क्रीनवर नको. वर्गात लिंबू आणि गोटी घ्या, लिंबू पाच सेंटिमीटरचं असेल तर गोटी दीड मीटरवर धरायची. लांबी बघून मुलांना धक्काच बसतो. मग पौर्णिमेला दर वेळी ग्रहण का नाही हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, तेव्हा गोटी थोडी वर-खाली करून दाखवायची, चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे. आणि ‘कला पृथ्वीच्या सावलीमुळं होतात’ हा गैरसमज तर मोठ्या माणसांचाही असतो, त्यासाठी तिथी ८ वर आणून एवढंच विचारायचं की सावली कुठं पडलीय, दाखव बोटानं. ती पडलेली असते सूर्याच्या उलट बाजूला, चंद्र भलतीकडंच.

टीव्हीचं एक लक्षात ठेवा. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला तर तो व्हिडिओ दाखवतो, स्क्रॅचची फाइल उघडत नाही, त्यामुळं लॅपटॉप एचडीएमआय केबलनं जोडायचा आणि माऊस पोरांच्या हातात द्यायचा, लांब वायरचा किंवा वायरलेस. टॅब असतील तर स्क्रॅचचं अँड्रॉइड ॲपही आहे. दुसऱ्या शाळेला द्यायचं असेल तर टर्बोवार्प या स्क्रॅचच्या जोडसाधनाच्या पॅकेजरमधून प्रोजेक्टची एकच एचटीएमएल फाइल करता येते, ती कुठल्याही ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते.

आणि पुढचा पाठ घ्यायच्या आधी तो कुणी करून ठेवलाय का ते बघत चला. कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा प्रकल्प नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला, विद्युत परिपथ, अपूर्णांक, तरफ अशा कितीतरी गोष्टी तिथं तयार आहेत, बऱ्याच मराठीत आहेत आणि उतरवून नेटशिवाय चालतात. त्या पुन्हा करत बसू नका, तुमचा रविवार जिथं कुणी काही केलेलं नाही तिथं लावा. भूमितीला जिओजेब्रा. ही सगळी साधनं शिकायला आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघा, दहा-दहा मिनिटांचे पाठ, फुकट, आणि बरेच मराठीतही आहेत. बघत बघत शेजारी स्वतः करायचं अशीच त्यांची रचना आहे, नुसतं बघून सोडू नका.

प्रश्न : मी निवृत्त विज्ञान शिक्षक. २०१० च्या सुमारास फ्लॅशमध्ये चाळीसेक पाठ केले होते, हृदयाचे ठोके, पचनसंस्था, लेन्स वगैरे. सीडी आहेत, पण आता काहीच उघडत नाही. फेकून देऊ का?
— पुणे

उत्तर : सर, फेकू नका! आधी सीडीवरचं सगळं हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या, जुन्या सीडी कधी दगा देतील सांगता येत नाही. फ्लॅश प्लेयर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात फाइल चालणंच थांबवलं, म्हणून तुमचं काही उघडत नाही, तुमच्या फाइल मात्र शाबूत असणार. ‘रफल’ नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात एसडब्ल्यूएफ फाइल (फ्लॅशमधून काढलेला तयार पाठ) ओढून टाकली की बरंच काही पूर्वीसारखं चालतं. त्या काळात बटणं आणि साधी हालचाल असलेले पाठ बहुतेक चालतील, ॲक्शनस्क्रिप्ट ३ या फ्लॅशच्या कोडभाषेतलं गुंतागुंतीचं असेल तर काही अडकेल. मूळ एफएलए फाइलही असतील तर त्या सोन्यासारख्या जपा, ॲडोबी ॲनिमेट हा फ्लॅशचाच पुढचा अवतार, २०१६ मध्ये नाव बदललं, त्यात त्या उघडून एचटीएमएलमध्ये काढता येतात, कोड थोडा परत लिहावा लागतो.

पण सर, तुमच्या चाळीस पाठांत फाइलपेक्षा मोठी गोष्ट आहे ती म्हणजे कुठल्या ठिकाणी मुलानं काय करावं हा तुम्ही केलेला विचार, तो लेन्सच्या पाठात वस्तू पुढंमागं सरकवण्यात असेल, पचनसंस्थेत घासाच्या मागं जाण्यात असेल. रफलमध्ये पाठ चालवून त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा, बोलत बोलत, इथं मी हे का ठेवलं होतं ते सांगा. तेवढ्यावर एखादा तरुण शिक्षक तो पाठ नव्यानं बांधू शकेल.

प्रश्न : ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये मराठी लिहिलं की वेलांट्या भलतीकडं जातात, जोडाक्षरं फुटतात. ‘शक्ती’ मधला क वेगळा, त वेगळा, मधे पाय मोडलेला. काय करू?
— डीएडची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : यानं फार माणसं मराठी सोडून इंग्रजीत लेबलं लिहायला लागलीत, तुम्ही ती वाट धरू नका, उपाय सोपा आहे.

दोन वेगळे रोग आहेत. एक म्हणजे जुना फॉन्ट. कृतीदेव किंवा शिवाजीमध्ये टाइप केलेला मजकूर आतून इंग्रजी अक्षरांचाच असतो, दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की सगळं गिचमिड होतं. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. फॉन्ट मुक्त किंवा बालू घ्या, दोन्ही मुंबईच्या एक टाइपचे, फुकट आणि लांबून वाचायला स्वच्छ.

दुसरा रोग तुमचा. युनिकोडमध्ये ‘कि’ लिहिताना आधी क येतो आणि मग वेलांटी, ती उचलून क च्या आधी नेऊन लावायचं काम सॉफ्टवेअरनं करायचं असतं. काही ॲनिमेशन सॉफ्टवेअरना ते येत नाही, म्हणून ‘किरण’ लिहिलं की वेलांटी क आणि र च्या मधे लोंबकळते. यावर एकच खात्रीचा उपाय, शब्द इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा, तिथं तो बरोबर दिसतो, मग पाथ मेनूतून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा. आता तो शब्द अक्षरं राहिला नाही, चित्र झाला. एसव्हीजी म्हणून सेव्ह करा आणि स्क्रॅच, सिनफिग, जिथं हवं तिथं आणा, तुटत नाही. फक्त मूळ मजकुराची फाइल वेगळी ठेवा, कारण चित्र झालेल्या शब्दातली शुद्धलेखनाची चूक नंतर सुधारता येत नाही, पूर्ण शब्द परत करावा लागतो. मी म्हणून सगळी लेबलं आधी कागदावर लिहून मराठीच्या बाईंना दाखवते आणि मगच पाथ करते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत हाच त्रास होत असेल तर टाइपच्या प्रेफरन्समध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा.

प्रश्न : मला कोडिंग जमणार नाही. पीपीटी येते. पण पीपीटी लावली की मुलं नुसती क्लिक करत सुटतात, दोन मिनिटांत शेवटच्या स्लाइडवर. पार्श्वसंगीत आणि मजेदार चित्रं टाकून बघितली, उलट जास्तच गोंधळ.
— माध्यमिक शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : सर, संगीत आणि चित्रं आधी काढून टाका. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात यावर अनेक वर्षं प्रयोग केलेत, जे शिकवण्याच्या कामाचं नाही ते वगळलं की मुलांना जास्त समजतं असं त्यात पुन्हा पुन्हा दिसलं. तसंच तुम्ही बोलताय तेच वाक्य स्क्रीनवरही लिहू नका, चित्र आणि आवाज पुरे. भाषेच्या तासाला मात्र शब्द दिसू द्या, नवी भाषा शिकणाऱ्याला त्याचा आधार होतो. आणि पाठाचे छोटे तुकडे करून मुलाच्या गतीनं पुढं जाऊ द्या. बार्बरा ट्वर्स्की आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ॲनिमेशनवरचे जुने प्रयोग तपासले तर बऱ्याच ठिकाणी ॲनिमेशन जिंकलं होतं ते हलतं म्हणून नव्हे, तर त्यात माहिती जास्त होती किंवा मुलाला काही करायला मिळत होतं म्हणून. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आता क्लिकचं. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो टॅबवर ‘सेट अप स्लाइड शो’ आहे, तिथं ‘ब्राउज्ड ॲट अ किऑस्क’ निवडा. मग स्लाइडवर कुठंही क्लिक केलं तरी पुढं जातच नाही, तुम्ही ज्या आकाराला लिंक दिलीय तोच चालतो. म्हणजे पुढं जायचा रस्ता बरोबर उत्तरातूनच. चुकीच्या उत्तराला ‘चूक’ म्हणून लाल फुली देऊ नका, ते उत्तर निवडणारं मूल काय विचार करत असेल ते ओळखून त्याच्यासाठी वेगळी स्लाइड ठेवा आणि तिथून परत प्रश्नावर आणा. हृदयाच्या पाठात ‘अशुद्ध रक्त डाव्या कप्प्यात येतं’ म्हणणाऱ्या मुलाचं बहुतेक पुस्तकाच्या डाव्या-उजव्याबाबत चुकलेलं असतं, चित्रातलं हृदय समोरच्या माणसाचं आहे, त्याचा डावा आपल्या उजवीकडं, हे त्या स्लाइडवर सांगायचं, एवढंच.

आणि ॲनिमेशन टॅबवरचा ‘ट्रिगर’ बघून ठेवा. कप्प्यावर क्लिक केलं की तोच कप्पा आकुंचन पावतो, दुसऱ्यावर केलं की दुसरा, कोडची एक ओळही न लिहिता. किऑस्कमध्येही ट्रिगर चालतात, साधी ‘ऑन क्लिक’ ॲनिमेशन चालत नाहीत, तेवढी आधी बदलून घ्या.